काळजावरचा भुंगा

आमचे बाबा पाशेदू यांच्या पोटात काही म्हणून राहत नसे. पाण्याची गाढवं वेशीवर पोचायच्या आत कुणाची सून रुसली, कुणाची दारू आंबट झाली, हे सगळं त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवलेलं असायचं. ऐकायला माणूस नसलं की ते दगडाशी बोलायचे. भुंग्याचे पाय कोरताना त्याला म्हणायचे, "हलू नकोस रे बाबा, लंगडा होशील, मग मला बोल लावशील." आई वैतागून म्हणायची, "या माणसाला देवाने दोन तोंडं दिली असती तर एकाने जेवला तरी असता."

मी तामित, त्यांची थोरली. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले होते आणि बाबांच्या हाताखाली दगड घासायला बसत होते. ज्यांना ही गोष्ट कळून त्रास झाला असता ती सगळी माणसं आता पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलखात गेली. त्यांचे न्यायनिवाडेही केव्हाच झाले असतील. म्हणून सांगते.

आमच्या गावातले पुरुष डोंगरापलीकडच्या दरीत राजाचं थडगं खोदायला जात. बाबांचा पाय अधू होता, म्हणून ते घरी बसून मेलेल्यांचे ताईत करत. डोळे, खांब, इसिस देवीच्या तांबड्या गाठी, सगळं करत. पण त्यांचा हात बसलेला होता तो काळजावरच्या भुंग्यावर. शेणाचा गोळा ढकलत जातो तोच हा भुंगा, हिरव्या दगडाचा, मुठीत मावेल एवढा. मेलेल्याच्या छातीवर ठेवून त्यावरून पट्ट्या गुंडाळतात. त्याच्या पोटावर मंत्र कोरलेला असतो. मेल्यावर तिथे पश्चिमेला देवांपुढे काळीज तराजूत ठेवतात, समोर सत्याचं पीस ठेवतात, आणि काळजाला विचारतात, बोल, या माणसाने काय काय केलं? माणूस जगाला फसवेल, बायकोला फसवेल, पण स्वतःच्या काळजाला कसा फसवणार? ते आतच बसलेलं असतं. म्हणून त्या मंत्रात काळजाला हात जोडून विनवलेलं असतं की बाबा रे, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. साक्ष विरुद्ध गेली तर मगरतोंडी गिळणारी टपलेलीच असते. तिने गिळलं की संपलं. नाव नाही, गाव नाही.

माझा धाकटा भाऊ पेनदुआ दरीतल्या कामावर असताना उभ्या विहिरीसारख्या खड्ड्यात पडून मेला. टोळीचा मुकादम होता आनाख्तू. त्याने देवाच्या पालखीपुढे शपथ घेतली की पोरगा दिव्याचं तेल घेऊन उतरत होता, दोर तुटला, दोर जुना होता आणि तो मी बदलला नव्हता. देवाने शपथ मान्य केली, पालखी पुढे सरकली. आनाख्तूने उघड्या पाठीवर काठ्या खाल्ल्या. पण गावात कुजबुज होतीच. नवा दोर आला होता, तो याने नावाड्यांना विकला, असं लोक म्हणत. आईने तर ते धरूनच ठेवलं. आनाख्तूची सावली गल्लीत दिसली की ती दारात थुंकायची. माझ्याही अंगाचा तिळपापड व्हायचा, खोटं कशाला बोलू. आणि बाबा, ज्यांना जगाशी बोलल्याशिवाय करमत नसे, ते त्या एका माणसाशी कधी अवाक्षर बोलत नसत.

तोच आनाख्तू एका दुपारी आमच्या दारात उभा राहिला. आई नदीकाठच्या बाजारात गेली होती, ते बघूनच आला असावा. पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेले, डोळे पिवळे. काठीवर सगळा भार टाकून म्हणाला, "पाशेदू, मला भुंगा करून दे."

बाबांनी मान वर केली नाही. "बाकीचे मेले का भुंगेवाले?"

"तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. आणि मला तो जिवंतपणी हवाय. छातीवर ठेवून मंत्र मीच म्हणणार."

"पोरं म्हणतील की मागाहून. पुजारी म्हणेल."

"पुजारी जांभया देत म्हणतो. पोरांना धड येत नाही. माझ्या काळजाशी मलाच बोलायचंय." तो धापा टाकत खाली बसला. "वैद्याने हात वर केलेत. वेळ फार नाही."

बाबांचा हात थांबला. मी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "करतो की. पण एक रीत आहे. भुंग्याने काय लपवायचं ते करणाऱ्याला कळावं लागतं. कोरताना ते दगडाला सांगावं लागतं. नाहीतर दगड मुका राहतो. काळीज तिथे भडाभडा सगळं ओकतं आणि हा नुसता छातीवर बसून राहतो."

अशी काही रीत नव्हती. बाबांनी जन्मभर भुंगे केले, कुणाला काही विचारलं नाही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघून दगड घासायला लागले. त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. नवा दोर मी विकला, तुझा पोरगा माझ्या हावेपायी मेला, एवढं एक वाक्य.

आनाख्तूचा रंग उडाला. रीत खोटी असेल ही शंका त्याला आली नाही. आमच्यात कुणालाच आली नसती. दगडाला ऐकू येतं यावर आम्ही जेवढा विश्वास ठेवतो तेवढा शेजाऱ्यावरसुद्धा ठेवत नाही.

"दुसरं काहीही माग," तो म्हणाला.

"मला दुसरं काही नको."

"पाशेदू, ते मी सांगू शकत नाही. तुला तर नाहीच नाही."

"मग जा बिनभुंग्याचा," बाबा म्हणाले आणि छिन्नी उचलली. तो काठी टेकत निघून गेला. बाबांनी छिन्नी पुन्हा खाली ठेवली.

आई आली तेव्हा शेजारणीने तिला दारातच गाठून सगळं सांगितलं होतं. आईने कांद्यांची टोपली आपटली. "तो मुडदा आला होता? माझ्या घरात? आणि तुम्ही त्याला बसू दिलंत?"

"भुंगा मागत होता."

"शेणातला द्या! गाढवांच्या मागे हवे तेवढे सापडतील!"

"नाही म्हणालो गं."

"नुसतं नाही काय म्हणालात? हाकलायचं होतंत. तामित, तू काय झोपली होतीस?" मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "गिळू दे त्याला त्या मगरतोंडीने. सगळा गिळू दे. ते बघायला मी तिथे असायला हवी." मला वाटतं, त्या क्षणी बाबाही तेच मागत होते.

पण आनाख्तू काही सुटला नाही आणि आम्हीही सुटलो नाही. गल्लीच एवढी अरुंद, त्याच्या कण्हण्याचा आवाज आमच्या गच्चीवर यायचा. गावातल्या बायका आमच्याकडे बघून कुजबुजत. मरणाऱ्याला भुंगा नाकारायचा म्हणजे लहान गोष्ट नव्हती. बाबा दिवसभर बडबडायचे आणि कण्हणं ऐकू आलं की मध्येच वाक्य सोडून द्यायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, देऊन टाका. त्याचं तो बघेल."

"सांगू दे त्याला. सांगितलं की देतो."

"आणि न सांगताच मेला तर?"

बाबा उठून गच्चीच्या कडेला गेले. "तर ते मला कधीच कळणार नाही," ते म्हणाले.

शेवटी आनाख्तूची सून बोलवायला आली. सासरे सांगायला तयार आहेत, म्हणाली. काय सांगायला, ते तिला ठाऊक नव्हतं. आई वेशीवर पाणी आणायला गेलेली. बाबांनी एक दगड उचलला, हत्यारांची पिशवी माझ्या खांद्यावर दिली आणि लंगडत असे निघाले की मलाच धावावं लागलं.

आतल्या खोलीत तो चटईवर पडला होता. श्वास घेताना छातीत घरघर होत होती. सुनेला त्याने बाहेर पाठवलं. मीही उठले, तर म्हणाला, "पोरीला बसू दे. तुझं तोंड मला ठाऊक आहे, पाशेदू. तिला माहीत असलं तर तुझ्या तोंडाला झाकण राहील."

"बोल," बाबा म्हणाले.

"दोर तुटला नाही."

बाबांनी हातातला दगड खाली ठेवला.

"दोर नवाच होता. मी विकला नव्हता. आम्ही खोदत होतो त्या भिंतीपलीकडे एक जुनं थडगं निघालं. कुणा बाईचं. मी ते लगेच लिंपून टाकायला सांगितलं. दुपारी सगळे जेवायला वर आले, पेनदुआ आला नाही. मी खाली गेलो. भिंतीला भोक पाडलेलं. आत तो त्या बाईजवळ बसला होता. छातीवरच्या पट्ट्या फाडलेल्या. हातात तिचा भुंगा होता. सोन्याच्या कोंदणातला."

मला वाटलं, आता बाबा त्याचा गळा धरतील. ते आणखी जवळ सरकले.

"मी हाक मारली. ओरडलोसुद्धा नाही, नुसती हाक मारली. तो दचकला, पळाला, अंधारात खड्डा विसरला. मी उतरलो तेव्हा मान मोडलेली. भुंगा मुठीतच. बोटं उघडेनात."

बाहेर सून भांडी घासत होती. तो आवाज मला आजही ऐकू येतो.

"ओरडून माणसं बोलावली असती तर काय झालं असतं, तुला माहीत आहे. थडगं फोडणाऱ्याला जाळतात. राख नदीत. नाव घ्यायची बंदी. पुरायला काही उरत नाही, तिथे तराजूपुढे उभं राहायला काही उरत नाही. एकोणीस वर्षांचं पोर, पाशेदू. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून खेळलेलं. मी भुंगा त्या बाईच्या छातीवर परत ठेवला, पट्ट्या जमतील तशा बांधल्या, भोक लिंपलं, दोर कापला आणि मग ओरडलो."

"पालखीपुढे शपथ घेतलीस," बाबा म्हणाले.

"खोटी घेतली. देवापुढे. आणि पालखी पुढे आली! मागे हटली असती तर मी तिथेच सगळं कबूल केलं असतं. देव फसला, की देवाने मला पदराखाली घेतलं, मला कळत नाही. तेव्हापासून मी तेच घोकतोय." त्याने बाबांचं मनगट धरलं. "माझं काळीज तिथे बोललं तर खोट्या शपथेपायी मी जाईनच. पण मी एकटा जाणार नाही. काळीज शपथ सांगेल तर भोकही सांगेल. आत्ता पेनदुआ तिथे सुखाने आहे. तुझ्याच हातचा भुंगा आहे त्याच्या छातीवर. त्याला तिथून ओढून काढतील. आता सांग त्या दगडाला."

हे सगळं एका खोट्या रीतीने उकरून काढलं होतं. ती रीत बाबांनी काढली नसती तर तो माणूस गुपचूप मेला असता आणि आम्ही जन्मभर निवांत त्याला शिव्या देत राहिलो असतो. मला बाबांचा राग आला. पेनदुआचा तर इतका आला की तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती, आणि मग गळ्यात पडून रडले असते.

"हुनेरोला काय सांगू?" बाबांनी विचारलं. हुनेरो म्हणजे आई.

"सांग, दोर मी विकला म्हणून. मरताना कबूल केलं म्हणून सांग. तिला तेवढंच बरं वाटेल."

"अरे, मग गाव तुझ्या मयताला येणार नाही."

"मला गाव कशाला हवंय? मला भुंगा हवाय."

तिथेच ओट्यावर बसून बाबांनी काम सुरू केलं. भुंग्याचा आकार आधीच घडवलेला होता, मंत्र तेवढा राहिला होता. मी पाणी टाकत होते, ते कोरत होते, आणि तोंडातून एक शब्द नाही. आतली घरघर वाढत होती. मध्येच थांबली की आम्ही दोघं मान वर करून ऐकायचो, पुन्हा सुरू झाली की छिन्नी सुरू. मंत्राची तिसरी ओळ चालू असताना दगडाने कुठली तरी जुनी चीर उघडली. टक्क. दोन तुकडे बाबांच्या मांडीवर पडले.

आमच्या घरात दुसरा हिरवा दगड नव्हता. पूर्वेच्या डोंगरातून दगड आणणारे लोक किती तरी दिवसांत आलेच नव्हते. आणि असता तरी नवा भुंगा घडवायला वेळ कुठे होता? बाबा उठले. "चल," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कोनाड्यातली पेटी उघडली. त्यात त्यांचा स्वतःचा भुंगा होता. गावात प्रत्येकजण आपापली तयारी आधीच करून ठेवतो. बाबांनी आपला करताना कित्येक उन्हाळे घेतले होते. गडद हिरवा दगड, पंखांवरची रेघन् रेघ जिवंत, पोटावर पूर्ण मंत्र आणि त्यांचं नाव. त्यांनी तो पालथा घातला, ओली वाळू घेतली आणि स्वतःचं नाव घासायला लागले.

आई दारात आली ती त्याच वेळी. भरलेला घडा डोक्यावर होता.

"हे काय करताय?"

बाबा घासत राहिले.

"अहो, तो तुमचा आहे. कुणाला देताय?" मग तिला कळलं. घडा तिने कसा खाली ठेवला, तिचं तिलाच माहीत. "त्याला? माझ्या लेकराला मारणाऱ्याला तुमचा भुंगा? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

मी बाबांकडे बघितलं. आयुष्यात ज्या माणसाने शेजारच्या मांजरीच्या बाळंतपणाचीसुद्धा बातमी लपवली नाही, तो आता काय करणार? त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, सांगणार. आता सगळं सांगून टाकणार, आणि आई इथेच कोसळणार.

"त्याने कबूल केलं, हुनेरो," बाबा म्हणाले. "दोर त्यानेच विकला. माझे पाय धरून रडला."

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिने तोंडावर हात ठेवला. किती तरी वर्षं अडकलेलं काहीतरी तिच्यातून बाहेर पडल्यासारखी ती हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी म्हणत नव्हते? मी म्हणतच होते."

"हो. तू म्हणत होतीस."

"रडला?"

"खूप."

"मग द्या त्याला," आई म्हणाली. "देऊन टाका. आपण त्याच्यासारखे नाही."

मला उठून बाहेर जावं लागलं.

नाव घासलं, नवं कोरलं, आणि आम्ही धावतच गेलो. आनाख्तू शुद्धीत होता. बाबांनी भुंगा त्याच्या छातीवर ठेवला आणि वरून आपला तळहात. तो मंत्र म्हणत होता, घरघरीत शब्द बुडत होते. अडला की बाबा पुढचा शब्द सांगायचे. शेवटची ओळ दोघांनी मिळून म्हटली. सूर्य मावळायच्या आत तो गेला.

आईने संध्याकाळपर्यंत गावाला सांगितलं होतं. त्याच्या मयताला घरची माणसं होती आणि पेटीमागे लंगडत चाललेले आमचे बाबा. लोक म्हणाले, बघा पाशेदूचं मन केवढं मोठं. बाबांनी ते ऐकून घेतलं. त्याच्या पोरांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पुढे त्यातला एक आमच्या अंगावर धावून आला, माझ्या बापाला चोर ठरवलंत म्हणून. बाबांनी त्याच्या हातचा मार खाल्ला.

बोलणं बाबांनी सोडलं नाही. सोडलं असतं तर आईला शंका आली असती. उलट जास्तच बोलायचे. पण माझ्याशी एकटं बसायची वेळ आली की गप्प. घासायचा दगड माझ्याकडे सरकवायचे आणि छिन्नी चालवत राहायचे. त्यांच्या तोंडावरचं ते झाकण मी होते, आणि झाकणाशी कोण बोलतं?

ते अचानक गेले, जेवता जेवता. प्रेत खारात सुकत ठेवण्याचे दिवस संपल्यावर पट्ट्या गुंडाळणाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या मांडवात बोलावलं. आईने घरची जुनी कापडं फाडून पट्ट्या आणल्या होत्या. हिरवा दगड काही मिळाला नव्हता, म्हणून मी निळ्या भाजक्या मातीचा एक भुंगा करून कनवटीला लावला होता. गुंडाळणाऱ्याने छातीपर्यंत काम आणलं आणि विचारलं, "काळजावरचा?"

मी कनवटीला हात घातला. आईने माझा हात धरला.

"याला कशाला तो?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "या माणसाच्या पोटात कधी काही राहिलं का? जे होतं ते सगळं मला सांगून झालं. याच्या काळजाकडे तिथे सांगायला काही उरलंच नाहीये. मातीचा भुंगा ठेवून कशाला त्याचा अपमान करायचा? जाऊ दे तसाच. असा स्वच्छ माणूस तिथे रोज येतो थोडाच."

गुंडाळणारे हसले, मान डोलावली. मी हट्ट धरला असता तर तिने एकच विचारलं असतं, का? आणि ती अशी बघत होती की त्या एका शब्दापुढे मी टिकले नसते. मी मुठीतला भुंगा पुन्हा कनवटीत सोडला. "नीट बघून घेऊ दे एकदा," म्हणाले आणि बाबांच्या कानाशी वाकले.

"बाबा," मी म्हटलं, "एवढ्या एका वेळेला गप्प बसा हो."

मग आईने पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघींनी ती त्यांच्या छातीवरून ओढली.